आमचं चर्च आधीचं की तुमचं?

आजचा शास्त्रभाग : १ करिंथकरांस १:१०-१७



आजचं मनन रोजच्यापेक्षा लांब आहे. लोकलमध्ये उभ्याने वाचत असाल तर निम्मं जाताना वाचा, निम्मं येताना. पण पूर्ण वाचा, कारण हा विषय गेले दोन महिने आमच्या घरात रोज जेवणाच्या टेबलावर येऊन बसतोय.

जुन्या वाचकांना माहीतच आहे की मी नगरकडच्या प्रोटेस्टंट घरातला. पणजोबांपासून आम्ही मंडळीचे सभासद. बायको वसईची, कॅथलिक. लग्नाच्या वेळी दोन्ही घरं थोडी रुसली, मग जेवायला बसली आणि सगळं सुरळीत झालं असं वाटलं. आता आम्हाला मुलगी झाली आहे, चार महिन्यांची. आणि प्रश्न आला: बाप्तिस्मा कुठे करायचा?

एका रविवारी वसईला सासरी सगळे जमलो होतो. माझे आई-बाबाही नगरहून आले होते. जेवण झालं, आणि सासरे हसत हसतच म्हणाले, "व्याही, राग मानू नका, पण तुमची मंडळी कधीची? मिशनरी नगरला आले १८३१ साली. आमचं चर्च थेट संत पेत्रापासूनचं."

बाबा गप्प बसणाऱ्यातले नाहीत. ते म्हणाले, "पेत्राला सासू होती हे शास्त्रात लिहिलंय. तुमच्या पोपसाहेबांना आहे का?"

सगळे हसले. सासूबाई सगळ्यात जास्त हसल्या. पण पाच मिनिटांत हसणं थांबलं आणि आवाज चढले. कॉन्स्टंटाईन निघाला, ल्यूथर निघाला, मूर्ती निघाल्या, पोप निघाले. माझी मुलगी आजीच्या मांडीवर झोपली होती, ती दचकून उठली आणि रडायला लागली. बायकोने तिला उचललं आणि आतल्या खोलीत नेलं. जाताना माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. बस्स, तेवढंच.

त्या रात्री मी हा उतारा उघडला.

करिंथमधले गट

पौल हे पत्र इफिसहून लिहितो आहे, साधारण इ. स. ५४ च्या आसपास. म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाला जेमतेम पंचवीस वर्षं झालीत. आणि ख्लोवेच्या घरच्या माणसांनी त्याला निरोप आणलाय की करिंथच्या मंडळीत गट पडलेत. कुणी पौलाचं नाव लावतो, कुणी अपुल्लोसाचं, कुणी केफाचं म्हणजे पेत्राचं. आणि एक गट असाही आहे जो म्हणतो, आम्ही कुणा माणसाचे नाही, आम्ही डायरेक्ट ख्रिस्ताचे!

जरा थांबून विचार करा. आपण नेहमी म्हणतो की पहिली मंडळी एकदिलाची होती, भांडणं नंतर आली. पण नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या पत्रांपैकी हे एक, आणि त्याच्या पहिल्याच अध्यायात भांडण आहे. तेसुद्धा आपल्यासारखंच: आमचा माणूस कोण, तुमचा कोण.

यात मला स्वतःला टोचलेली गोष्ट वेगळीच आहे. पौलाने चौथ्या गटालाही सोडलेलं नाही. आम्ही प्रोटेस्टंट लोक लहानपणापासून असं शिकतो की आम्ही कुठल्या माणसाच्या मागे नाही, फक्त शास्त्र आणि फक्त ख्रिस्त. वाक्य खरं आहे. पण तेच वाक्य दुसऱ्याला खाली दाखवायला वापरलं, की ते चौथ्या गटाचं घोषवाक्य होतं.

पौल पुढे विचारतो, ख्रिस्ताचे तुकडे झालेत का? वधस्तंभावर तुमच्यासाठी पौल गेला होता का? आणि मग म्हणतो की क्रिस्प, गायस आणि स्तेफनाचं घर सोडून मी तुमच्यातल्या फारशा कुणाला बाप्तिस्मा दिला नाही हे बरंच झालं, नाहीतर माझ्या नावाने बाप्तिस्मा घेतला असं कुणी म्हटलं असतं. म्हणजे बाप्तिस्मा कुणी दिला, कुठल्या गटात दिला, यावरून मोठेपणा मिरवणं पौलाला त्याच वेळी दिसलं होतं. आमच्या डायनिंग टेबलाच्या दोन हजार वर्षं आधी.

गिट ब्लेम

आयटीवाल्यांसाठी एक उदाहरण. गिटमध्ये एक कमांड आहे, "ब्लेम". कोडची कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते ती दाखवते. तिचा खरा उपयोग समजून घेण्यासाठी आहे: ही ओळ इथे का आली, त्या वेळी अडचण काय होती. पण टीममध्ये वातावरण बिघडलं की तीच कमांड फक्त बोट दाखवायला वापरली जाते. आपण सगळ्यांनी अशी मीटिंग कधी ना कधी बघितली आहे.

चर्चच्या इतिहासाचं आपण नेमकं तेच केलंय. एक बाजू म्हणते, आम्ही मेन ब्रांच, तुम्ही १५१७ चा फोर्क. दुसरी म्हणते, तुमची ब्रांच मधेच बिघडली, आम्ही जुन्या चांगल्या कमिटवर परत गेलो. आणि दोघंही हिस्टरी उघडतात ती दुसऱ्याचं नाव शोधायला.

हे आजचं नाही. १५१९ मध्ये लाइपझिगला योहान एक आणि ल्यूथर यांचा वाद झाला. मुद्दा हाच होता की रोमच्या बिशपचा सगळ्या मंडळ्यांवरचा अधिकार सुरुवातीपासूनचा आहे की नंतरचा. ल्यूथरने ग्रीक मंडळ्यांकडे बोट दाखवलं: ते पोपच्या हाताखाली कधी नव्हते, मग ते ख्रिस्ती नव्हेत का? पुढे १५५९ ते १५७४ या काळात फ्लासियस इलिरिकस आणि त्याच्या सोबत्यांनी "माग्देबुर्ग सेंच्युरीज" हा शतकवार इतिहास छापला; चर्च कुठे कुठे वाट चुकलं हे दाखवण्यासाठी. त्याला उत्तर म्हणून रोममध्ये सीझर बारोनियसने १५८८ ते १६०७ या काळात बारा जाडजूड खंड लिहिले. चर्च कधीच बदललं नाही हे दाखवण्यासाठी. दोन्ही बाजूंनी प्रचंड मेहनत झाली. पण बऱ्याचदा उत्तर आधी ठरलेलं असायचं आणि पुरावा नंतर शोधला जायचा.

रोमहून करिंथला गेलेलं पत्र

आता गंमत बघा. पौलाच्या पत्रानंतर साधारण चाळीस वर्षांनी, इ. स. ९६ च्या सुमारास, करिंथच्या मंडळीला आणखी एक पत्र गेलं. ते रोमच्या मंडळीकडून होतं. आपण त्याला क्लेमेंटचं पहिलं पत्र म्हणतो. ते आपल्या नव्या करारात नाही, पण करिंथच्या मंडळीत ते पुढे कित्येक वर्षं उपासनेत वाचलं जात होतं. शे-सव्वाशे पानांच्या पुस्तकात सहज मावेल एवढं आहे, जरूर वाचा.

हे पत्र का लिहावं लागलं? करिंथमध्ये पुन्हा भांडण झालं होतं! काही लोकांनी, कुठलाही दोष नसलेल्या वडिलांना, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांना, पदावरून काढलं होतं.

माझ्या सासऱ्यांच्या बाजूने हे पत्र वाचलं तर काय दिसतं? पहिल्याच शतकात रोमची मंडळी दुसऱ्या शहरातल्या मंडळीला अधिकाराने समजावते आहे. प्रेषितांनी बिशप आणि सेवक नेमले, पुढे त्यांच्या जागी दुसरे यावेत अशी सोयही केली, असं पत्रात स्पष्ट आहे. म्हणजे वारसा ही कल्पना मध्ययुगात कुणी रचलेली नाही.

माझ्या बाबांच्या बाजूने वाचलं तर काय दिसतं? पत्रात लिहिणारा स्वतःचं नावसुद्धा सांगत नाही. "मी, रोमचा बिशप" असं कुठे नाही. बोलते ती रोमची मंडळी, "आम्ही" म्हणून. आणि बिशप व वडील हे शब्द एकाच पदासाठी आल्यासारखे दिसतात, तेही अनेकवचनात. आजच्या अर्थाने पोप तिथे सापडत नाही.

तारणाबद्दल? ३२ व्या अध्यायात आपण स्वतःच्या कर्मांनी नाही तर विश्वासाने नीतिमान ठरतो असा मुद्दा आहे. आम्ही प्रोटेस्टंट लगेच अधोरेखित करू. पण दोनच अध्याय आधी, ३० व्यात, नुसत्या शब्दांनी नाही तर कृतींनी नीतिमान ठरा असं सांगितलंय. तिथे सासरे अधोरेखित करतील. लिहिणाऱ्याला मात्र या दोन गोष्टींत भांडण दिसलं नव्हतं. त्याला दोन्ही एकाच श्वासात म्हणायच्या होत्या.

आणि आणखी एक. हे पत्र पश्चिम युरोपात जवळजवळ हरवलेलं होतं. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या कुलगुरूंनी इंग्लंडच्या राजाला एक जुनं हस्तलिखित बायबल भेट पाठवलं, त्याच्या शेवटी हे पत्र सापडलं आणि १६३३ मध्ये ऑक्सफर्डला छापलं गेलं. म्हणजे लाइपझिगला ल्यूथर आणि एक पहिल्या मंडळीवरून कडाकडा भांडत होते, तेव्हा पहिल्या मंडळीचा हा इतका मोठा साक्षीदार दोघांच्याही समोर नव्हता.

दोघंही अर्धे चुकलो

असंच इग्नेशियसचं. अंत्युखियाचा हा बिशप दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, साधारण ११० च्या आसपास, बेड्या घालून रोमला नेला गेला. तिथे श्वापदांपुढे टाकण्यासाठी. वाटेत त्याने मंडळ्यांना पत्रं लिहिली. पण मध्ययुगात त्या पत्रांत कुणीतरी मागून घातलेली भर फिरत होती आणि काही पत्रं तर सरळ बनावट होती. काल्विनने ती सगळी फेकून दिली. दुसरीकडे काही कॅथलिक विद्वान ती सगळी खरी म्हणून धरून बसले. मग १६४४ मध्ये जेम्स अशर नावाच्या आयर्लंडमधल्या प्रोटेस्टंट आर्चबिशपनेच शोधून दाखवलं की मूळ, छोटी पत्रं वेगळी आहेत. आज बहुतेक अभ्यासक त्यांतली सात खरी मानतात.

म्हणजे भेसळ आहे हे काल्विनचं बरोबर होतं. पण खालचं सोनं त्याला दिसलं नाही. कारण त्या खऱ्या पत्रांतही बिशपचं महत्त्व आहे, प्रभुभोजनाबद्दल अत्यंत गाढ श्रद्धा आहे, आणि "कॅथलिक मंडळी" हा शब्द आपल्याला माहीत असलेल्या लिखाणात पहिल्यांदा तिथेच, स्मुर्णाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात येतो. तेव्हा "कॅथलिक चर्च कॉन्स्टंटाईनने काढलं" हे आपल्या फेलोशिपच्या ग्रुपवर दर वर्षी फिरणारं फॉरवर्ड कृपा करून डिलीट करा. कॉन्स्टंटाईन इग्नेशियसनंतर दोनशे वर्षांनी आला. ३२५ ची निकेयाची परिषद एरियसच्या शिकवणीसाठी भरली होती, आणि तिच्यातून आलेला विश्वासांगीकार आम्हीही म्हणतो. त्यातला "सार्वत्रिक" हा शब्द म्हणजेच कॅथलिक.

पण दुसऱ्या बाजूचंही ऐका. इग्नेशियस रोमच्या मंडळीला पत्र लिहितो, तिचा फार आदर करतो, पण त्या पत्रात रोमच्या बिशपचा उल्लेखच नाही. आणि मध्ययुगात पोपच्या राजकीय अधिकारासाठी दाखवलं जाणारं "कॉन्स्टंटाईनचं दानपत्र" बनावट होतं. ते उघडकीला आणलं लोरेन्झो वाल्लाने, १४४० मध्ये. तो कॅथलिकच होता आणि पुढे पोपच्याच कार्यालयात नोकरीला लागला.

माझ्यासाठी यातला धडा हा आहे: अशरने शोध लावला, तो त्याच्याच प्रोटेस्टंट बाजूच्या अनेकांच्या मताला अडचणीचा होता. वाल्लाने शोध लावला, तोही त्याच्याच बाजूला अडचणीचा होता. तरी दोघांनी तो सांगितला. खरं बोलणं हीसुद्धा आराधना आहे. स्वतःच्या बाजूला महाग पडणारं खरं बोलता येणं, ही तर मोठीच आराधना.

ईस्टर कधी?

आता एक गोष्ट, जी मला त्या रविवारपासून सोडत नाहीये.

साधारण १५५ च्या सुमारास स्मुर्णाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प रोमला आला. तिथे अनिसेटस बिशप होता. आशियातल्या मंडळ्या यहुदी पंचांगाच्या तारखेला, मग वार कुठलाही असो, वल्हांडण सण पाळत. रोमची पद्धत वेगळी होती. दोघं बोलले. पॉलिकार्प म्हणाला, आम्हाला ही पद्धत योहान आणि इतर प्रेषितांकडून मिळाली. अनिसेटस म्हणाला, मला माझ्या आधीच्या वडिलांची पद्धत सोडता येणार नाही. कुणीच कुणाला पटवू शकलं नाही.

मग काय झालं? अनिसेटसने आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा मान पॉलिकार्पला दिला. आणि दोघं शांतीने निरोप घेऊन वेगळे झाले.

पुढे १९० च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर याच मुद्द्यावर आशियातल्या मंडळ्यांना तोडायला निघाला. तेव्हा लियॉनच्या इरेनियसने त्याला पत्र लिहून हीच जुनी आठवण करून दिली. आता हा इरेनियस कोण? तोच, ज्याने रोमच्या बिशपांची पेत्र-पौलापासूनची यादी लिहून ठेवली आणि ज्याचं नाव कॅथलिक मित्र नेहमी घेतात. रोमचा इतका आदर करणारा माणूसच रोमला सांगतो की असं करू नका. आदरही आणि सवालही, एकाच माणसात.

पॉलिकार्प आणि अनिसेटसचं मत एक झालं नाही, पण मेज एक राहिलं. आपलं उलटं झालंय. मी बायकोबरोबर मिस्साला जातो. कम्युनियनच्या वेळी ती उठते, रांगेत जाते. मी बाकावर बसून राहतो. नियम मला माहीत आहे, त्यामागची कारणंही माहीत आहेत, आणि ती फालतू नाहीत. ख्रिस्ताच्या शरीराबद्दल आपली समजूत खरोखर वेगळी आहे. ते वेगळेपण गोड बोलून पुसता येत नाही. पण दर रविवारी त्या चार-पाच मिनिटांत काहीतरी दुखतं. ते दुखायलाच हवं असं मला आता वाटतं. ज्या दिवशी दुखणं थांबेल, त्या दिवशी आपण फुटीला घर मानलं असं होईल.

एकच बाप्तिस्मा

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे. २५१ मध्ये रोममध्ये नोव्हेशियनने वेगळी चूल मांडली. त्याच्याकडे बाप्तिस्मा घेतलेले लोक परत आले तर त्यांना पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का? कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, हो. २५६ मध्ये कार्थेजला ८७ बिशप जमले आणि त्यांनी तेच म्हटलं. रोमचा बिशप स्टीफन म्हणाला, नाही, हात ठेवून प्रार्थना करा, तेवढं पुरे. सिप्रियनने रोमचं ऐकलं नाही.

प्रोटेस्टंटांना सिप्रियन आवडतो, कारण तो रोमपुढे वाकला नाही. पण पुढे मंडळीने कुणाचं मत धरलं? स्टीफनचं. ३१४ मध्ये आर्ल्सच्या परिषदेने पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा पुन्हा करू नये असं ठरवलं. नंतर ऑगस्टिनने कारण सांगितलं: हात कुणाचाही असो, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो. आणि ज्या सिप्रियनने रोमला विरोध केला, त्याचं नाव आजही रोमच्या मिस्सामधल्या जुन्या प्रार्थनेत हुतात्म्यांमध्ये घेतलं जातं! तो २५८ मध्ये ख्रिस्तासाठी मेला. मंडळीने त्याची चूक बाजूला ठेवली, त्याला नाही ठेवलं.

हे वाचताना मला माझ्या लग्नाची आठवण झाली. वसईच्या फादरांनी माझ्याकडे फक्त बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. नगरच्या आमच्या मंडळीच्या जुन्या रजिस्टरमधून उतरवून आणलेला तो कागद त्यांनी वाचला, फाईलमध्ये ठेवला, आणि विषय संपला. पुन्हा पाण्यात उभं राहा, असं कुणी म्हटलं नाही. तेव्हा मला ती नुसती ऑफिसची फॉर्मॅलिटी वाटली होती. आज कळतं की त्या एका कागदामागे तिसऱ्या शतकातलं भांडण, त्याचा निकाल, आणि १९६४ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं म्हणणं उभं आहे, की ज्यांचा बाप्तिस्मा रीतसर झालाय ते अपूर्ण का होईना पण खऱ्या नात्याने जोडलेले आहेत.

(वाचकांपैकी काही जण अशा मंडळ्यांतले आहेत जिथे फक्त समजत्या वयातल्या विश्वासणाऱ्यांना बाप्तिस्मा देतात. तुमचं म्हणणं वेगळं आहे हे मला माहीत आहे आणि मी ते टाळत नाही. त्यावर एक दिवस स्वतंत्र लिहीन.)

मग आम्ही काय ठरवलं

क्लेमेंटच्या पत्रात ५४ वा अध्याय आहे. त्यात तो भांडणाऱ्या करिंथकरांना विचारतो की तुमच्यात मोठ्या मनाचा, प्रेमाने भरलेला कोण आहे? त्याने उठून म्हणावं, माझ्यामुळे फूट पडत असेल तर मी बाजूला होतो. कळप शांतीने राहू दे.

मी हे वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. कारण आतापर्यंत मी हा इतिहास वाचत होतो तो सासऱ्यांना पुढच्या रविवारी काय उत्तर द्यायचं ते शोधायला. हे खरं सांगतोय. माझ्या नोट्समध्ये दोन कॉलम होते, "आपले मुद्दे" आणि "त्यांचे मुद्दे". आणि इथे पहिल्या शतकातला एक माणूस मला विचारत होता, तू बाजूला होतोस का?

आम्ही दोघांनी बोलून ठरवलं. मुलीचा बाप्तिस्मा वसईला, तिच्या आईच्या चर्चमध्ये होईल. लग्नाच्या वेळी बायकोने तिच्या चर्चला तसा शब्द दिला होता आणि तो तिने मोडावा असं मला वाटत नाही. माझी बहीण तिथे साक्षीदार म्हणून उभी राहील. कॅथलिक गॉडपेरेंटसोबत दुसऱ्या मंडळीतला बाप्तिस्मा झालेला माणूस साक्षीदार म्हणून चालतो, हे मला फादरांनीच सांगितलं. आणि मुलगी थोडी मोठी झाली की आमच्या मंडळीच्या संडे स्कूललाही जाईल. ही अट सासऱ्यांनी स्वतः, न मागता, मान्य केली.

बाबांना फोन केला तेव्हा ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला. दोन दिवस मी अस्वस्थ होतो. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "तुझ्या आईने पांढरं झबलं शिवलंय. माप बरोबर आहे का विचारतेय. आम्ही शनिवारीच येतो."

बाबांना पटलं का? माहीत नाही. नसेल पटलं. पॉलिकार्पलाही पटलं नव्हतं. पण ते झबलं घेऊन येतायत.

आणि एक गोष्ट मी सासऱ्यांना आणि बाबांना दोघांनाही सांगणार आहे, शांत वेळ बघून. आपल्यापैकी कुणाचेच पूर्वज पेत्राच्या होडीत नव्हते. वसईच्या गावांना सुवार्ता मिळाली सोळाव्या शतकात, पोर्तुगीज आले तेव्हा. नगरच्या घरांना मिळाली एकोणिसाव्या शतकात, अमेरिकन मिशनमधून. रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायात पौल म्हणतो तशा आपण दोघंही रानटी जैतुनाच्या फांद्या, उशिरा कलम केलेल्या. कलम केलेल्या फांदीने बढाई मारू नये, कारण मूळ तिला धरून आहे. ती मुळाला नाही.

आजसाठी

१. आज हा उतारा पुन्हा एकदा वाचा. चार गटांपैकी आपण कुठल्या गटात उभे आहोत ते प्रामाणिकपणे बघा. "मी ख्रिस्ताचा" हा गट सोडून नका देऊ.

२. दुसऱ्या चर्चबद्दल तुम्ही नेहमी सांगत असलेली एक "ऐतिहासिक" गोष्ट निवडा आणि ती खरी आहे का ते तपासा. चुकीची निघाली तर ज्याला सांगितली होती त्याला तसं कळवा.

३. घरात किंवा मित्रांत दुसऱ्या मंडळीचं कुणी असेल, तर आज त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. ते बदलावेत म्हणून नाही. त्यांचा दिवस चांगला जावा म्हणून.

प्रार्थना

प्रभू येशू, तू पकडला गेलास त्याच रात्री आमच्या एकीसाठी प्रार्थना केलीस. आम्ही तुझ्या नावाने भांडलो, तुझ्या शिष्यांची नावं एकमेकांवर दगडासारखी फेकली. आम्हाला क्षमा कर. जे वेगळेपण खरं आहे ते आम्हाला प्रामाणिकपणे सोसू दे. जे खोटं आम्ही पसरवलं ते मागे घ्यायचं धैर्य दे. ज्या मेजावर आम्ही अजून एकत्र बसू शकत नाही, त्याची भूक आमच्यात जागी ठेव. आमच्या लेकरांना आमची भांडणं वारशात मिळू देऊ नकोस. त्यांना तुझं नाव मिळू दे. आमेन.

उद्याचा शास्त्रभाग : १ करिंथकरांस १:१८-३१. भेटू उद्या सकाळी. आणि हो, येत्या रविवारी आमच्या छोटीसाठी प्रार्थना करा.